पेरॉक्साइड पेशीपर्यंत पोहोचलं का? हृदयपेशींच्या प्रकल्पाची वही

३ जून

प्रकल्पाचं नाव फॉर्मवर अडीच ओळींचं आहे. माझ्या भाषेत ते एवढंच: हृदयाच्या पेशींना आधी सोसवेल इतका ताप देऊन ठेवला, तर नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा त्या जास्त झेलतात. हे नेमकं कोणत्या प्रथिनामुळे?

तापवलेल्या पेशी चिवट होतात ही गोष्ट जुनी आहे. इन्क्युबेटरचं तापमान कुणीतरी वाढवून ठेवलं म्हणून रिटोसा यांना फळमाशीच्या लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले आणि १९६२ मध्ये त्यांनी ते छापलं. हीट शॉक प्रथिनांची सगळी कथा तिथून सुरू होते. हृदयाशी ती १९८८ च्या सुमारास येऊन भिडली. करी आणि सहकाऱ्यांनी रॅट्सना १५ मिनिटं ४२ अंशांवर नेलं, २४ तास जाऊ दिले, मग त्यांची हृदयं बाहेर काढून रक्तपुरवठा थांबवला आणि पुन्हा सुरू केला. तापवलेली हृदयं जास्त चांगली सावरली. त्यांच्यात हीट शॉक प्रथिनं वाढली होतीच, पण कॅटलेजचं कामही वाढलेलं होतं.

माझा प्रश्न नेमका इथला. दोघंही जागेवर हजर होते, तर श्रेय कुणाचं? कॅटलेज पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. हीट शॉक प्रथिनांतलं मुख्य एचएसपी-७० पेरॉक्साइडला हातही लावत नाही. ते घडी मोडलेली प्रथिनं धरून ठेवतं, त्यांचे गठ्ठे होऊ देत नाही. एक आग विझवणारा, दुसरा जळत्या घरातलं सामान सावरणारा. घर वाचलं एवढं पाहून दोघांतलं कुणी वाचवलं ते कळत नाही.

हृदयच का, हे प्रस्तावात दोन पानं लिहिलंय. इथे थोडक्यात. हृदयस्नायूच्या पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियांनी व्यापलेला असतो आणि ज्यातून पुढे पेरॉक्साइड बनतं ते सुपरऑक्साइड मुख्यतः तिथेच गळतं. कॅटलेज मात्र यकृताच्या मानाने हृदयात फारच कमी. त्यात या पेशी बदलून मिळत नाहीत. २००९ मध्ये कार्बन-१४ वरून काढलेला हिशेब सांगतो की पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्या. म्हणजे आहे तोच संच आयुष्यभर पुरवायचा.

७ जून

एच९सी२ पेशी फ्रीझरमधून काढल्या. रॅटच्या भ्रूणहृदयातून १९७६ मध्ये तयार झालेली ही जात. धडधडत नाही. नावाला हृदयपेशी, वागणं स्नायूच्या कोवळ्या पेशीसारखं. मॅडमना याची पूर्ण कल्पना आहे आणि मलाही. आधी इथे प्रश्न नीट मांडता आला पाहिजे, मग खऱ्या धडधडणाऱ्या पेशींकडे जायचं, असं ठरलंय.

एक पथ्य वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवते: फ्लास्क ७० ते ८० टक्के भरला की लगेच पेशी वाटून घ्यायच्या. दाटी झाली की त्या एकमेकींत मिसळून लांब नळ्या करतात आणि मग त्या पेशींचं वागणं वेगळं. शुक्रवारी संध्याकाळी "सोमवारी बघू" म्हटलं की सोमवारी तेच बघायला मिळतं.

१० जून

पेरॉक्साइडची बाटली तपासली. लेबलवर ३० टक्के, म्हणजे साधारण ९.८ मोलर. हजारपट पातळ करून २४० नॅनोमीटरला शोषण मोजलं तर ०.४३ च्या आसपास यायला हवं. आलं ०.३१. गुणांक ४३.६ धरला तर बाटलीत उरलंय सात मोलरच्या जरासं वर. म्हणजे लेबलवर विसंबून "४०० मायक्रोमोलर दिलं" असं ज्यांनी ज्यांनी या बाटलीतून लिहिलं, त्यांनी प्रत्यक्षात तीनशेच्या खालीच दिलंय. त्यात गेल्या महिन्याची मीही आले.

(क्वार्ट्झची क्युव्हेट, म्हणजे मोजणीची चौकोनी नळी, लागते. साधी प्लास्टिकची २४० ला स्वतःच प्रकाश खाते. हे कळायला माझी पंधरा मिनिटं गेली, पुढच्याची जाऊ नयेत.)

नवी बाटली उघडली. मोजून तारीख टाकली. दर प्रयोगाला ताजं पातळ करायचं, उरलेलं फेकायचं.

१४ जून

मात्रा ठरवायची प्लेट. ०, १००, २००, ४००, ८०० मायक्रोमोलर, सीरम नसलेल्या मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, चार तास. वाचन दोन पद्धतींनी: जिवंत पेशींत रंग धरणारी एमटीटी चाचणी, आणि पेशी फुटून बाहेर सांडणारं एलडीएच हे एन्झाइम.

१०० ला काही नाही. २०० ला कडा आक्रसलेल्या, पण पेशी बुडाला धरून. ४०० ला निम्म्याहून जास्त गोल होऊन सुटलेल्या. प्लेट हलकेच कलती केली तर त्या तरंगत एका बाजूला गोळा होताना नुसत्या डोळ्यांनीही धुरकट दिसतात. ८०० ला सगळा खेळ खलास. ४०० मुक्रर केलं.

१८ जून

पहिला ताप. ४२ अंश, ३० मिनिटं. प्लेटच्या कडा पॅराफिल्मने बंद करून वॉटर बाथमध्ये तरंगत सोडली. बाथचा आकडा ४२ दाखवत असला तरी प्लेटमधल्या मीडियमला तिथवर पोहोचायला वेळ लागतो. म्हणून एका बिनपेशींच्या खान्यात बारीक प्रोब घातला आणि तिथे ४१.८ दिसल्यावर घड्याळ सुरू केलं. मधले खाने आणि कडेचे खाने यांत अर्ध्या अंशाचा फरक होता, तो झाकण ठेवल्यावर गेला.

झाकणाला आतून वाफ धरलेली पाहून मला जंतुसंसर्गाची धास्ती वाटली. तापवलेल्या प्लेटचं मीडियम बदलून टाकलं, नवी बाटली उघडून.

(हे वाक्य तीन दिवसांनी पुन्हा वाचावं लागणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. खाली रेघ नंतर मारली आहे.)

२१ जून

जमलं! निदान सकाळी अकरापर्यंत तसंच वाटलं. तापानंतर २४ तासांनी पेरॉक्साइड दिलेल्या, म्हणजे १९ तारखेच्या प्लेटची रीडिंगं आज नीट मांडली. न तापवलेल्या पेशी ४०० ला नेहमीसारख्या कोसळलेल्या. तापवलेल्या जशाच्या तशा, बिनओरखडा. ८०० लासुद्धा! ब्लॉटवर, म्हणजे एकेक प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, एचएसपी-७० ची पट्टी न तापवलेल्या कंट्रोलमध्ये पुसट, तापवलेल्यात काळीकुट्ट. सगळं एकमेकांना इतकं दुजोरा देणारं की मी आलेख रंगवायलाही घेतला.

मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "आठशेला एकही मेली नाही? करीच्या हृदयांनासुद्धा इतकं नाही जमलं."

दुपारी नव्याने आलेला ज्युनिअर वही वाचत बसला होता. त्याने विचारलं, "ताई, तापवलेल्या प्लेटचं मीडियम बदललंत, मग कंट्रोलचं का नाही बदललं?"

उत्तर नव्हतं. वाफ फक्त तापवलेल्या प्लेटला धरली होती, म्हणून फक्त तिचं बदललं. इतकं सरळ, इतकं चूक.

२३ जून

आज ताप नाहीच. नुसत्या साध्या पेशी. अर्ध्या खान्यांत जुन्या बाटलीतलं मीडियम, अर्ध्यांत नव्या. दोन्हींत ४०० पेरॉक्साइड.

जुन्यात मेल्या. नव्यात ठणठणीत.

दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून लेबलं अक्षर अन् अक्षर लावली. नाव तेच, ग्लुकोज तेवढंच, गुलाबी रंगही तोच. क्रमांकातले शेवटचे दोन आकडे वेगळे आणि खाली बारीक अक्षरांत एक शब्द जास्तीचा: सोडियम पायरुवेट. विकणाऱ्याचा यात काही दोष नाही, ऑर्डर माझ्याच हातची होती.

पायरुवेट आणि पेरॉक्साइड एकमेकांना एकास एक खातात. अॅसिटेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं, त्याला कसलंही एन्झाइम लागत नाही. या मीडियममध्ये पायरुवेट १ मिलिमोलर, म्हणजे हजार मायक्रोमोलर. मी टाकलेलं ४०० काय आणि ८०० काय, पुरून उरणार. म्हणजे माझ्या पेशींचं रक्षण पेशीबाहेर, गुलाबी पाण्यातच उरकलं होतं. एचएसपी-७० आत नुसतं उभं होतं.

पुरावा म्हणून तलावाच्या पाण्यासाठी मिळतात तशा पेरॉक्साइड पट्ट्या आणल्या. ४०० मायक्रोमोलर म्हणजे लिटरला १३.६ मिलिग्रॅम, त्या पट्ट्यांच्या आवाक्यात अगदी मधोमध. पेशी नसलेल्या दोन नळ्या ३७ अंशांवर ठेवल्या. जुन्या मीडियमची पट्टी अर्ध्या तासानेही गडद निळी. नव्याची फिकट होत होत अर्ध्या तासात पांढरी.

पायरुवेटचा आणखी एक चावटपणा. एलडीएचची चाचणी लॅक्टेटचं पायरुवेट करण्याच्या उलाढालीवर चालते. मीडियममध्ये आधीच पायरुवेट भरलेलं असेल तर ती उलाढाल मागे रेटली जाते आणि आकडा कमी येतो. म्हणजे थोड्याफार पेशी मेल्या असत्या तरी कमीच दिसल्या असत्या. मारेकरी गायब आणि पंचनामाही खोटा.

२१ चा आलेख फाडला नाही. वहीतच चिकटवून ठेवला आहे, वर तिरपी रेघ मारून.

२४ जून

झोपण्याआधी वाचताना आणखी एक गोष्ट हाती लागली, ती सकाळी पडताळली. पेशी स्वतःही मीडियममध्ये पायरुवेट सोडतात. हे १९८७ मध्येच दाखवलं गेलंय आणि तेव्हाच त्याला पेशींचा पेरॉक्साइडविरुद्धचा बचाव म्हटलंय. तेव्हा पायरुवेट नसलेली बाटली विकत घेऊनही काम भागत नाही; पेशींवर दिवसभर राहिलेलं मीडियम हे कोरं मीडियम नव्हे.

म्हणून नियम: पेरॉक्साइड देण्याआधी सगळ्या प्लेटा, तापवलेल्या आणि न तापवलेल्या, दोनदा धुवायच्या, एकाच बाटलीतलं ताजं मीडियम घालायचं आणि दर खेपेला एका जादा खान्यात पट्टी बुडवून पेरॉक्साइड आहे ना ते बघायचं. हॅम्सचं एफ-१२ मिसळलेलं काहीही वापरायचं नाही, त्याच्या मूळ पाककृतीतच पायरुवेट असतं.

३० जून

सगळं पुन्हा, धुतलेल्या प्लेटांवर. तीनदा.

संरक्षण आहे. २१ जूनचा चमत्कार नाही, पण ४०० ला तापवलेल्यांत जगलेल्या पेशी दर वेळी ठळकपणे जास्त. ८०० ला दोघीही सारख्याच मेल्या. हे मला पटतं. ज्याला मर्यादा दिसते ते संरक्षण खरं असण्याची शक्यता जास्त.

ताप देऊन दोनच तासांनी पेरॉक्साइड दिलं तर काही फायदा नाही, उलट जरा जास्तच मरतात. २४ तासांनी फायदा. हे अपेक्षितच, कारण प्रथिन बनायला वेळ लागतो. लगेच मिळणाऱ्या संरक्षणाची गोष्ट वेगळी: १९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची धमनी पाच-पाच मिनिटं चारदा दाबली, मग सलग ४० मिनिटं बंद ठेवली, तर मेलेला भाग कंट्रोलच्या पाव हिश्श्यावर आला. तिथे नवी प्रथिनं बनायला उसंतच नव्हती. आधीच असलेल्यांनाच इशारे गेले. पण तोच परिणाम काही तासांत ओसरून साधारण एक दिवसाने पुन्हा येतो, हे १९९३ मध्ये कळलं, आणि ती दुसरी खिडकी नव्या प्रथिनांची. माझं काम त्या दुसऱ्या खिडकीतलं.

५ जुलै

आता श्रेयाचा प्रश्न. आधी कॅटलेज.

मार्ग पहिला: अमिनोट्रायाझोल. हे कॅटलेजला कायमचं बंद पाडतं. तापवलेल्या पेशींना ते दिलं तर संरक्षण थोडं घटलं, गेलं नाही. पण न तापवलेल्या पेशीही तेवढ्याच प्रमाणात जास्त मेल्या. म्हणजे कॅटलेज सगळ्यांच्याच उपयोगी पडत होतं, तापाने त्यात विशेष भर घातली नव्हती.

मार्ग दुसरा, मला जास्त आवडलेला आणि फुकटातला. तापवलेल्या आणि न तापवलेल्या पेशी मोजून सारख्या पेरल्या, पेरॉक्साइड टाकलं आणि दर पाच मिनिटांनी थेंब काढून पट्टीवर ठेवला. जर तापाने विझवणारे वाढले असतील तर तापवलेल्या पेशींवरचं पेरॉक्साइड लवकर संपायला हवं. बारा-बारा पट्ट्या कागदावर ओळीने चिकटवल्या. निळ्याची उतरंड दोन्ही ओळींत सारखीच. ज्युनिअरला कोणती ओळ कोणाची ते न सांगता विचारलं, त्याला ओळखता आलं नाही.

पेरॉक्साइड दोन्हीकडे सारखंच पोहोचलं आणि सारखंच संपलं, तरी एका बाजूच्या पेशी जास्त जगल्या. तेव्हा निदान या पेशींत तरी फरक मारा झाल्यानंतरचा आहे. सामान सावरणाऱ्यांचा.

६ जुलै

विझवणाऱ्यांना कमी लेखण्याचा इरादा नाही, म्हणून हे लिहून ठेवते. मायटोकॉन्ड्रियातलं, सुपरऑक्साइड विझवणारं मँगनीजवालं सुपरऑक्साइड डिस्म्युटेज काढून टाकलेली उंदराची पिल्लं १९९५ मध्ये तयार केली गेली. ती पहिल्या दहा दिवसांत, हृदय फुगून मेली. पेरॉक्साइड विझवणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम लागतं, आणि चीनमधल्या केशान भागात १९३५ पासून नोंदला गेलेला हृदयाचा आजार जिथे मातीतच सेलेनियम कमी तिथे आढळला. विझवणारे नसतील तर पुढचं काहीच नाही. मी विचारतेय ते फक्त तापाने वाढलेल्या फायद्याबद्दल.

रात्री मावशीचा फोन. मी काय करते ते तिला सांगितलं तर म्हणाली, "मग ई व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्याव्यात का गं?" तिला सांगितलं, साडेनऊ हजारांहून जास्त लोकांना रोज ४०० युनिट ई व्हिटॅमिन किंवा दिखाऊ गोळी देऊन साधारण साडेचार वर्षं पाहिलं, २००० साली निकाल आला, हृदयविकारात काही फरक पडला नाही. "मग तू शोधतेस काय?" पेशी स्वतः बनवते ते, आणि वेळेवर, आणि नेमक्या जागी. गोळी नुसती सगळीकडे पसरते. तिचं समाधान झालं नाही असं वाटलं. मलाही हे तिला याहून सोपं करून सांगता आलं नाही.

१२ जुलै

ब्लॉटचा आठवडा. प्रत्येक लेनमध्ये सारखंच प्रथिन भरलंय ना हे दाखवायला (लोडिंग कंट्रोल) सवयीने जीएपीडीएच हे प्रथिन घेतलं होतं, ते सोडलं. त्याच्या कामाच्या जागी जे सिस्टीन हे अमिनो आम्ल आहे त्याच्यावर पेरॉक्साइड थेट घाव घालतं. ज्याला मार बसलाय त्यालाच साक्षीदार कसं करायचं? पॉन्सो रंग लावून अख्ख्या लेनचं प्रथिन मोजते.

हीम ऑक्सिजनेज-१ या बचावाच्या एन्झाइमची ३२ किलोडाल्टनला पट्टी तापवलेल्यात आली. मी लगेच नर्फ-२ चा विचार केला. एरवी कीप-१ हे प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि पेशी त्याला काही मिनिटांत मोडीत काढत राहते; कीप-१ च्या सिस्टीनांना ऑक्सिडंट लागला की पकड सुटते, नर्फ-२ केंद्रकात जाऊन बचावाची जनुकं चालू करतं. पण इथे ताप आहे, पेरॉक्साइड अजून दिलंच नाही. मॅडमनी आठवण करून दिली: रॅटमध्ये हीम ऑक्सिजनेज-१ हे स्वतःच हीट शॉक प्रथिन आहे, माणसाच्या पेशींत ते तापाने तसं सहज वाढत नाही. म्हणजे ही पट्टी मी उद्या माणसाच्या हृदयाबद्दल काही बोलण्यासाठी वापरू शकत नाही. खाली लाल शाईने लिहिलं.

नर्फ-२ ची पट्टी ६६ च्या आसपास शोधू नये, जेलवर ती १०० च्या जवळपास धावते. ६६ ला जी छान पट्टी दिसते ती बहुधा दुसऱ्याच कुणाची.

२० जुलै

एचएसपी-७० गप्प करून पाहिलं. एसआयआरएनए (ठरावीक प्रथिन बनू न देणारा आरएनएचा छोटा तुकडा) आधी, मग ताप, मग चोवीस तास, मग पेरॉक्साइड. एसआयआरएनए आत घालणं हाच पेशींवर एक ताण असतो, म्हणून निरर्थक क्रमाचा एसआयआरएनए दिलेला गट सोबत.

ब्लॉटवर एचएसपी-७० तापवूनही फारसं वाढलं नाही, म्हणजे गप्प करणं जमलं. संरक्षण साधारण निम्म्यावर आलं. तीन खेपांत तीनदा. शून्यावर एकदाही नाही.

मग उरलेलं अर्धं कुणाचं?

२९ जुलै

संशय अल्फा-बी क्रिस्टॅलिनवर. नाव डोळ्याच्या भिंगावरून पडलंय, पण हृदयस्नायूत ते भरपूर असतं. २० किलोडाल्टनचं लहानसं. ब्लॉटवर तापाने त्याचं एकूण प्रमाण थोडंच वाढलेलं दिसतं, म्हणून मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. मॅडम म्हणाल्या, किती आहे ते सोड, कुठे आहे ते बघ.

पेशी सौम्य डिटर्जंटमध्ये फोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या. वरचं पाणी वेगळं काढलं. तळाशी न विरघळलेला भाग, पेशींचा सांगाडा वगैरे, नखाच्या टोकाएवढाही नाही; नळी उजेडासमोर तिरपी धरली तर एका कडेला दुधट डाग दिसतो, तेवढाच. तो चुकून ओढला जाऊ नये म्हणून टोक समोरच्या भिंतीला टेकवून पाणी काढायचं.

न तापवलेल्या पेशींत क्रिस्टॅलिन जवळजवळ सगळं पाण्यात. पेरॉक्साइडनंतर तापवलेल्यांत मोठा वाटा त्या दुधट डागात. प्रथिन तेवढंच, जागा बदललेली. रक्तपुरवठा तुटलेल्या हृदयातही ते असंच आकुंचनाच्या दोऱ्यांकडे सरकतं हे माहीत आहे. इथे दोऱ्या नाहीत, पण सांगाडा आहे.

जास्त म्हणजे चांगलं या हिशेबाला याच प्रथिनाने सुरुंग लावलाय. त्यात एक बदल असतो, १२० व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लायसिन, १९९८ मध्ये एका कुटुंबात सापडलेला. असं प्रथिन स्वतःच गठ्ठे करतं. २००७ मध्ये हे बिघडलेलं प्रथिन दिलेल्या उंदरांच्या हृदयात पाहिलं तर ऑक्सिडंट जास्त असण्याऐवजी ग्लुटाथायोनचा विझवणारा साठाच बेसुमार झाला होता, आणि तो कमी केला तर हृदय सुधारलं. हे वाचून मी प्रस्तावातलं "संरक्षक प्रथिनांची पातळी वाढवणे" हे वाक्य खोडलं.

८ ऑगस्ट

क्रिस्टॅलिन आणि एचएसपी-७० दोन्ही एकत्र गप्प करायचा प्रयत्न फसला. पेशी तापातच मेल्या, पेरॉक्साइडपर्यंत पोहोचल्याच नाहीत. मात्रा कमी करून पुन्हा. पेशीतलं पेरॉक्साइड दाखवायला वापरतात त्या डीसीएफ रंगाचा नाद सोडला. पेरॉक्साइडशी तो थेट जुळत नाही, मध्ये लोह किंवा पेरॉक्सिडेज लागतं, आणि खिडकीतल्या उजेडातही चमकायला लागतो.

१९ ऑगस्ट

शेजारच्या गटाने नवजात रॅटच्या हृदयपेशी काढल्या होत्या, त्यातली २४ खान्यांची एक प्लेट मला दिली. मीडियमचं लेबल आधी वाचलं. पायरुवेट नाही. दुसऱ्यांदाही वाचलं.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदाच माझ्या प्रकल्पातल्या पेशी हलताना पाहिल्या. सुट्या पेशी आपापल्या चालीने, आणि जिथे दहा-बारा जणी एकमेकींना चिकटल्या तिथे सगळा ठिपका एकदम दचकल्यासारखा आकसतो, सुटतो, आकसतो. मी फोकस विसरून बघतच बसले. खोलीतल्या गारव्याने ठोके मंद होत गेले तेव्हा भानावर आले आणि प्लेट परत इन्क्युबेटरमध्ये ठेवली.

बारा खाने वापरणार. एकाच प्लेटमधले निम्मेच खाने तापवणं जमणारं नव्हतं. म्हणून पेशी दोन छोट्या प्लेटांत हलवून घेतल्या. एक तापवली, दुसरी नाही, धुणं आणि मीडियम दोघींना एकाच वेळी, एकाच बाटलीतून. कोणती कोणती ते ज्युनिअरने टेपखाली झाकून आकडे दिले. २१ जूननंतर स्वतःच्या डोळ्यांवर तेवढा भरवसा राहिलेला नाही.

२० ऑगस्ट

पेरॉक्साइड दिलं. पंधराव्या मिनिटाला प्रत्येक खान्यातून थेंब घेऊन पट्टीवर. मग एक तासाने प्रत्येक खान्याचे तीन-तीन भाग पंधरा सेकंद पाहून, ठोके चालू की बंद एवढंच लिहिलं. पाच खान्यांत चालू होते. सगळे ठोके आधीपेक्षा मंद, दोन ठिकाणी अडखळत.

टेप काढली. पाचांपैकी चार तापवलेले.

पाचवा न तापवलेला, कडेचा. त्याची पंधराव्या मिनिटाची पट्टी शोधून काढली. बाकी अकरा पट्ट्या निळ्या आहेत, ही जवळपास पांढरी. खाना पुन्हा भिंगाखाली धरला तर पेशी तिथे दाट बसलेल्या, पेरताना जास्त पडल्या असणार. त्यांनी मिळून पेरॉक्साइड संपवून टाकलं आणि धडधडत राहिल्या.

खाना मोजणीतून वगळलेला नाही. उद्या बाराही खान्यांतल्या पेशी मोजते, मग आकडे मांडेन.